फोटो काढणं आणि फोटो टाकणं यांच्या मधला वेळ

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार-पाच वर्षं हौसेने फोटोग्राफी करणाऱ्या एकाने विचारलंय, की सोशल मीडियामुळे फोटोग्राफरची सर्जनशीलता खरंच कमी होते का? कॅमेरा डोळ्याला लावला की 'हा चालेल का' हेच आधी मनात येतं, आणि गडावर पोचल्यावर आधी कुठेतरी पाहिलेली फ्रेमच शोधली जाते. मग अकाउंट बंद करावं का?

तुमचं निदान मला अर्धंच पटतं. मी वर्तमानपत्रात फिल्मच्या रोलच्या काळात कामाला लागलो, पुढे स्वतंत्र कामं केली आणि गेली कित्येक वर्षं शिकवतो आहे. विद्यार्थ्यांच्या हार्ड डिस्क बघताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. त्यांनी काढलेले फोटो त्यांनी टाकलेल्या फोटोंपेक्षा चांगले असतात. म्हणजे नजर शाबूत आहे, हातही तयार आहे. बिघाड पुढच्या पायरीवर आहे, निवडीच्या. आणि निवड बिघडली की वर्ष-दोन वर्षांत काढणंही तिच्या मागे जातं. तुम्हाला जे जाणवतंय ते बहुतेक हेच.

निवड ही फोटोग्राफीतली निम्मी कामगिरी आहे, हे आता कुणी फारसं सांगत नाही. रोल छत्तीस फोटोंचा असायचा. तो धुवायचा, निगेटिव्हच्या पट्ट्या कागदावर ठेवून कॉन्टॅक्ट शीट काढायची, भिंग लावून एकेक चौकट बघायची आणि लाल पेन्सिलने खूण करायची. रोजच्या अंकाला त्यातली एक चौकट जायची. बाकीच्या पाकिटात पडून राहायच्या. पण महिन्यांनी दुसऱ्या कशासाठी तरी ते पाकीट उघडलं की त्या दिवशी वगळलेली एखादी चौकट आपल्याला थांबवून ठेवायची. हे का होतं? कारण फोटो काढताना आपण किती भिजलो होतो, किती चढलो होतो, कुणाशी काय बोललो होतो, हे सगळं ताज्या फोटोला चिकटलेलं असतं. ते विसरायला वेळ लागतो. आणि ते विसरल्याशिवाय चौकटीत प्रत्यक्ष काय आहे ते दिसत नाही. बघणाऱ्याला तुमचा पाऊस माहीत नसतो, त्याला फक्त चौकट दिसते.

आज कॅमेऱ्यातून फोटो तिथल्या तिथे फोनवर येतो. पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी येईपर्यंत प्रीसेट, म्हणजे रंग-उजेडाचा तयार साचा, लावून तो टाकलेला असतो. निवड झाली ती दहा मिनिटांत, तळहाताएवढ्या पडद्यावर, आणि मागच्या वेळी काय चाललं होतं या एकाच कसोटीवर. काढणं आणि दाखवणं यांच्या मधला तो वेळ गेला. माझ्या मते खरं नुकसान इथे आहे. तुलना, मत्सर, लाईकची चटक हे सगळं त्यानंतरचं.

आता पडद्याच्या आकाराबद्दल, कारण याचा परिणाम किती खोलवर होतो याचा बहुतेकांना अंदाज नाही. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये आलं तेव्हा फक्त चौकोनी फोटो चालायचा. ऑगस्ट २०१५ पासून आडवे-उभे चालू झाले. २०२० मध्ये रील आली आणि फोनभर उभी चौकट नेहमीची झाली. जून २०२१ मध्ये तर इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीच सांगून टाकलं, की हे आता फोटो शेअर करण्याचं अ‍ॅप राहिलेलं नाही. साधा हिशोब करून बघा. पडद्याची रुंदी १०८० पिक्सेल धरली, तर कॅमेऱ्यातून जसा येतो तसा रुंदी-उंचीच्या ३:२ प्रमाणाचा आडवा फोटो ७२० पिक्सेल उंच दिसतो. ४:५ चा उभा फोटो १३५० पिक्सेल उंच दिसतो. म्हणजे उभ्या फोटोला जवळपास दुप्पट जागा. ज्याला दुप्पट जागा मिळते त्यावर अंगठा थांबतो, ज्यावर अंगठा थांबतो तो अ‍ॅप आणखी लोकांना दाखवतं.

आणि आपला सह्याद्री आडवा आहे. बसाल्टचे थर आडवे, पठारं आडवी, घाटमाथ्याची कड मैलोन्‌मैल आडवी. रतनगडावरून अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई एका ओळीत दिसतात, ते उभ्या चौकटीत कसं बसवणार? वर आभाळ आणि खाली दरी एवढंच उरतं. मग पुढे काहीतरी उभं हवं म्हणून मित्राला पिवळा किंवा लाल पोंचो घालून कड्याच्या टोकाला पाठमोरं उभं केलं जातं. आज तुम्हाला हजारो फोटोंत दिसणारा तो पाठमोरा माणूस काही कुणाला एका पहाटे सुचलेला नाही, तो चौकटीच्या गरजेतून आलाय. हे जगभर झालंय. २०१८ पासून 'इन्स्टा रिपीट' नावाचं एक अकाउंट वेगवेगळ्या लोकांचे एकसारखे फोटो शेजारी शेजारी मांडतं: तंबूच्या दारातून दिसणारा डोंगर, होडीच्या टोकाला बसलेला माणूस, रस्त्याच्या मधोमध उभी पाठमोरी मुलगी. एकेकटा बघितला तर प्रत्येक फोटो चांगलाच आहे. आपल्याकडे हरिहरच्या पायऱ्या, नाणेघाटचा उलटा धबधबा, हरिश्चंद्रगडावरची केदारेश्वराची गुहा आणि तिथला एकच शाबूत खांब घेऊन असा संच सहज मांडता येईल.

लहान पडद्याचा दुसरा परिणाम शांत फोटोंवर होतो. धुक्यातल्या करड्या छटा, चौकटीच्या कोपऱ्यात लहानशी असलेली मूळ गोष्ट, दोन-तीन सेकंद बघितल्यावर उलगडणारा फोटो, शेजारच्या फोटोशिवाय अपुरा वाटणारा फोटो हे सगळे तिथे हरतात. जिंकतात ते काळीभोर सावली, भडक रंग आणि मधोमध बसवलेला विषय. हरणारे फोटो तुम्ही आधी टाकायचं सोडता, मग निवडायचं सोडता, आणि शेवटी काढायचंही सोडता. हे सावकाश होतं, म्हणून लक्षात येत नाही.

वारीचं उदाहरण घेतो, कारण ते मला जवळचं आहे. आषाढीच्या आधीचे तीन आठवडे फीड वारीने भरून जातं, आणि त्यात कोणते फोटो येतात? दिवे घाटाचं वळण, रिंगणातला धावता अश्व, डोक्यावर तुळस घेतलेली माउली, पावसात चिंब झालेला सुरकुतलेला चेहरा. हे फोटो खोटे नाहीत, मलाही ते आवडतात. पण पालखीबरोबर चाललेल्या माणसाला विचारा, की त्याची वारी कशाकशाची बनलेली आहे. पहाटे तीनला टँकरपाशी लागलेली बायकांची रांग, दिंडीच्या ट्रकवर ताडपत्री ओढणारी पोरं, पालात बसून एकमेकींच्या सुजलेल्या पायांना तेल चोळणाऱ्या म्हाताऱ्या, पालखी पुढे गेल्यावर दुसऱ्या दिवशीचं रिकामं गाव आणि ते झाडणारी माणसं. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण होतं, परिटांच्या धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात. त्या पायघड्या घालणाऱ्या हातांचे फोटो तुम्ही किती बघितलेत? माझ्याकडे येणारी मुलं यातलं बरंचसं काढून आणतात. टाकत मात्र नाहीत. विचारलं तर म्हणतात, 'सर, हे चालत नाही.' छायाचित्रकार संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर आणि वारीबरोबर वर्षानुवर्षं फिरत राहिले. तमाशाच्या राहुट्यांमागचं जगणं आपल्याला दिसलं ते त्या सातत्यामुळे. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं काम असंच लावून धरलं. गटारात उतरलेल्या माणसाचा फोटो कुणाच्या अंगठ्याला थांबवेल की नाही, या विचाराने ते काम झालं नसतं. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्याआधी कितीतरी वर्षं ते त्या वस्त्यांमध्ये जात होते.

जेजुरीला सोमवतीला काय होतं ते तर तुम्ही स्वतः बघितलं असेल. भंडाऱ्याचा पिवळा ढग हा फीडचा लाडका रंग. त्यासाठी ओळखीच्या गच्च्या आधीच धरल्या जातात आणि हवा तसा ढग आला नाही तर 'काका, परत एकदा उधळा' अशी विनंती होते. इथे मला राग येतो. देवाला भंडारा वाहणारा माणूस आपल्या चौकटीसाठी दुसऱ्यांदा हात वर करतो, तेव्हा त्याच्या हातात देवाचं काही उरलेलं नसतं, आणि बारकाईने पाहणाऱ्याला ते फोटोत कळतं.

बाहेरून मिळणाऱ्या शाबासकीचा निर्मितीवर काय परिणाम होतो, यावर मानसशास्त्रात जुनं काम आहे. टेरेसा अमाबिले या अमेरिकन संशोधिकेने १९८५ साली लेखन करणाऱ्या ७२ तरुणांवर एक प्रयोग केला. कविता लिहिण्याआधी काही जणांना आपण का लिहितो याची आतली कारणं विचारात घ्यायला लावली: लिहिण्यातला आनंद, शब्दांशी खेळणं. काहींना बाहेरची कारणं दिली: नाव, पैसा, लोकांची वाहवा. परीक्षक कवींना कुणी कोणत्या गटात होतं हे माहीत नव्हतं, तरी बाहेरच्या कारणांचा विचार करून बसलेल्यांच्या कविता कमी सर्जनशील ठरल्या. अवघी काही मिनिटं तो विचार डोक्यात होता. तुम्ही ज्या 'चालेल का'बद्दल लिहिलंय तो विचार तर दिवसभर खिशात असतो. म्हणून तो कॅमेरा हातात असताना येऊच नये अशी व्यवस्था करावी लागते. मनाला बजावून तो जात नाही. व्यवस्थेबद्दल पुढे सांगतो.

जंगलातल्या फोटोग्राफीबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. तिथे ही एकच फ्रेम मिळवण्याची धडपड जनावरांच्या जिवाशी येते. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ ही वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या जिप्सी गाड्यांच्या मध्ये अडकले, दोन्ही बाजूंनी वाट बंद झाली. त्याचे व्हिडिओ पसरले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. सगळ्यांना हवा होता तो एकच फोटो: कॅमेऱ्याकडे चालत येणारा वाघ. विदर्भातल्या जंगलात उन्हाळ्यात पाणवठ्यावर बसलात तर गव्यापासून फुलपाखरापर्यंत सगळं समोर येतं, मोहाच्या झाडाखाली पहाटे माणसं आणि अस्वलं दोघांच्याही खुणा असतात. त्यावर अख्खं आयुष्य काढता येईल. पण गाडीत बसताना पहिला प्रश्न असतो, 'टायगर कुठे आहे?'

आता दुसरी बाजू. ती मी उरकून टाकण्यासाठी सांगत नाही, ती खरीच आहे. मी सुरुवात केली तेव्हा फोटो लोकांना दाखवायचा तर मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी, पुण्यात बालगंधर्वचं कलादालन, नाहीतर दिवाळी अंकाच्या संपादकाची मर्जी. गडचिरोलीतल्या किंवा सिंधुदुर्गातल्या मुलाला या दारांपर्यंत पोचायलाच वर्षं लागायची, मुलींना त्याहून जास्त. आज तो मुलगा त्याच्या गावातून जगभरचं काम बघतो आणि स्वतःचं दाखवतो. फ्लिकर ही फोटो टाकण्याची वेबसाइट २००४ मध्ये आली तेव्हा तिथे लोक फोटोखाली लेन्स, वेळ, प्रकाश यांवर तासन्‌तास बोलायचे, कितीतरी जण तिथेच शिकले. सह्याद्रीतले कोळी, पाली, पतंग यांची किती माहिती हौशी लोकांनी टाकलेल्या फोटोंमुळे अभ्यासकांपर्यंत पोचली आहे! आणि व्हिव्हियन मायर. शिकागोत मुलं सांभाळण्याचं काम करणारी ही बाई आयुष्यभर रस्त्यावरचे फोटो काढत राहिली, लाखाहून जास्त निगेटिव्ह मागे ठेवून २००९ मध्ये वारली. तिच्या निगेटिव्ह २००७ च्या एका लिलावात विकल्या गेल्या होत्या. विकत घेणाऱ्यांपैकी एकाने २००९ मध्ये तिचे फोटो फ्लिकरवर टाकले आणि जगाला ती कळली. तिचं काम कुणाच्या पसंतीची वाट न बघता झालं, आणि आपल्यापर्यंत पोचलं ते मात्र याच माध्यमातून. मला या दोन्ही गोष्टी एकत्र धराव्याशा वाटतात.

नक्कल करण्याबद्दलही तुम्ही स्वतःला फार दोष देऊ नका. शास्त्रीय गाण्यात शिष्य पहिली काही वर्षं गुरूची नक्कलच करतो, त्याशिवाय गळा तयार होत नाही. फरक एवढाच, की तिथे गुरू समोर बसलेला असतो, चुकलं की थांबवतो आणि एका टप्प्यावर 'आता माझ्यासारखं गाऊ नकोस' असंही सांगतो. फीड तुम्हाला कधीच थांबवत नाही. उलट नक्कल जितकी हुबेहूब तितकं जास्त देतं. म्हणून ते सांगणारा माणूस तुम्हाला शोधावा लागेल. एक किंवा दोन माणसं पुरतात. ती फोटोग्राफर असलीच पाहिजेत असं नाही. चित्रकार, संपादक, नीट वाचणारी एखादी मैत्रीण चालेल. तुमचा फोटो बाजूला सरकवण्याची भीड मात्र त्यांना नसावी.

ज्यांचं पोट यावर आहे त्यांच्याबद्दल थोडं. लग्नाची कामं करणाऱ्या मित्रांकडे जोडपी स्क्रीनशॉटचा फोल्डर घेऊन येतात आणि 'असेच पाहिजेत' म्हणतात. त्यांना नाही म्हणता येत नाही, म्हणूही नये. त्यातले चांगले लोक पहिल्या तासात ते स्क्रीनशॉट उरकतात आणि उरलेल्या वेळात हळद दळणाऱ्या आत्या, मांडवाबाहेर एकटा बसलेला मुलीचा बाप, पंगत उठल्यावरचा अंगणातला पसारा असं स्वतःचं काढतात. अल्बम उघडल्यावर त्या घरातली माणसं याच पानांवर थांबतात. रील बनवण्यात जाणाऱ्या वेळाचा हिशोब मात्र प्रत्येकाने मांडावा. मी अशी मुलं पाहिली आहेत जी फोटो काढताना स्वतःचं चित्रीकरण करण्यात इतकी गुंततात, की समोरचा उजेड निघून जातो.

आता तुम्ही काय करायचं. पहिल्यांदा तपासणी करा, कारण किती बिघडलंय ते कळल्याशिवाय उपाय ठरत नाही. लाईटरूम हे फोटो साठवायचं-सुधारायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर लायब्ररीतल्या मेटाडेटा फिल्टरमधून आडवे-उभे वेगळे करता येतात, लेन्सप्रमाणेही लावता येतात. चार वर्षांपूर्वीचं एक वर्ष आणि मागचं एक वर्ष घ्या. उभ्या फोटोंचं प्रमाण वाढलंय का? सगळं एकाच रुंद लेन्सवर यायला लागलंय का? माणसांचे चेहरे कमी होऊन पाठी वाढल्यात का? मग टाकलेले फोटो एका बाजूला आणि न टाकलेले दुसऱ्या बाजूला ठेवा, आणि न टाकलेल्यांतले वीस निवडा, जे आज बघताना तुम्हाला थांबवतात. माझा अनुभव असा आहे, की तुमचा स्वतःचा विषय याच विसांत सापडतो. कुणाला सतत वस्तू ठेवलेले कोनाडे दिसलेले असतात, कुणाला वाट बघणारी माणसं, कुणाला पाण्याची भांडी. त्याला स्वतःला ते माहीत नसतं.

त्या विसांच्या ४×६ च्या प्रिंट काढून आणा. हा आकार ३:२ चाच आहे, त्यामुळे काहीही न कापता अख्खी चौकट येते, आणि साध्या लॅबमध्ये अगदी थोड्या पैशांत होतं. त्या जमिनीवर पसरा, आठवडाभर तशाच ठेवा, येता-जाता जागा बदला. पडद्यावर एकामागून एक फोटो येतो, जमिनीवर सगळे एकमेकांशेजारी असतात. कोणता कुणाला बळ देतो आणि कोणता उगाच आरडाओरडा करतो, हे तेव्हाच कळतं. मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ यावर देतो, आणि मुलांमध्ये सगळ्यात मोठा बदलही इथेच झालेला पाहिला आहे.

वेळेचं बंधन स्वतःवर घाला. पावसाळ्यातले फोटो दिवाळीपर्यंत टाकायचे नाहीत, वारीचे कार्तिकीपर्यंत नाहीत. सुरुवातीला चुळबुळ होईल, कारण बाकी सगळे आषाढातच टाकत असतील आणि तुमचे फोटो 'शिळे' वाटतील. बातमीचे फोटो शिळे होतात, तुमचे होत नाहीत. शिवाय आज टाकायचंच नाही हे ठरलेलं असलं, की कॅमेरा हातात असताना 'चालेल का' हा प्रश्न उभाच राहत नाही. वर म्हटलेली व्यवस्था ती हीच. लाईकचा आकडा लपवण्याची सोय इन्स्टाग्रामवर २०२१ पासून आहे, तीही चालू करा. छोटी गोष्ट आहे, पण उपयोगी आहे. आणि ठिकाणाचं नाव टाकताना विचार करा. कासच्या पठारावर, घरट्यापाशी किंवा एखाद्या अनवट देवराईत तुमच्या मागोमाग किती पावलं जातील, याची जबाबदारी तुमच्याकडेही येते.

विषय घराजवळचा घ्या. जिथे तुम्ही वर्षभर, सगळ्या ऋतूंत, कामावरून परत येतानाही जाऊ शकता असा: एखादा आठवडी बाजार, एसटी स्टँड, नदीचा एक घाट. भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला सगळे हिवाळ्यात जातात. मे महिन्यात उजनी धरणाचं पाणी उतरल्यावर तिथे काय असतं, जुन्या गावांचं काय वर येतं, जाळी विणणारे त्या दिवसांत काय करतात, हे कितीजणांनी पाहिलंय? अशा ठिकाणी नक्कल करायला आधीचा फोटोच नसतो.

अकाउंट बंद करू नका. वर्षाच्या शेवटी बारा-पंधरा फोटोंची मालिका हाती आली की ती आधी प्रत्यक्ष दाखवा, घरात, वाचनालयात, त्या बाजारातल्या माणसांना. त्यांच्या बोलण्यातून दोन-तीन फोटो बदलतील, ते बदला. मग ती ऑनलाइन टाका: आडवे फोटो आडवेच, ठरवलेल्या क्रमाने, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहून. नेहमीपेक्षा कमी लोक बघतील. त्यातले जे चार-पाच जण तुम्हाला सविस्तर लिहितील त्यांची नावं टिपून ठेवा, आणि पुढच्या मालिकेच्या प्रिंट जमिनीवर पसरल्या की त्यांना बोलवा.